गेलते

ईश्वरी मिटकरी बीडच्या स्टँडवर उतरली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. ऊन असं तापलं होतं की रसवंतीवाल्याच्या चरकाची घुंगरंसुद्धा आळसाने वाजत होती. तिच्या खांद्याला बॅग होती आणि बॅगेत दोन जोड कपडे, फ्लॉपींचा डबा आणि सतरा मेलेल्या माणसांची यादी होती. त्या सतरा जणांच्या सह्या घ्यायला ती आली होती.

यात चमत्कारिक असं काही नव्हतं; निदान पुण्याहून निघताना तरी नव्हतं.

ईश्वरी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. तिचं काम काय ते बीडमध्ये कुणाला नीट कळलं नव्हतं, पण सांगता मात्र सगळ्यांना येत होतं, कारण तिचे वडील बसवराजआप्पा भांड्यांच्या दुकानात बसून ते गिऱ्हाइकांना समजावून सांगत आले होते. "पोरगी कॉम्प्युटरमधी कॅन्सरची गाठ पाळती," ते म्हणत. "आपण म्हैस पाळतो तशी. रोज बघायचं, काय खाती, कावून फुगती, काय घातलं की आटती." आपल्या विषयाचं याहून बरं वर्णन ईश्वरीने परिषदांतही ऐकलं नव्हतं. पेशीच्या आत शे-दीडशे प्रथिनं दिवसभर एकमेकांना निरोप देत असतात. ते निरोप तिने समीकरणांत बांधले होते. एखाद्या रोग्याच्या गाठीचा तपास त्यांत घातला की त्याच्या अंगात कुठला निरोप अडकलाय, कुठल्या औषधाने तो सुटेल आणि नाहीच सुटला तर माणसाला किती दिवस आहेत, हे कॉम्प्युटर सांगे. साऱ्या गावाला एकच काढा पाजण्याऐवजी ज्याला जे लागू पडेल ते औषध द्यायचं, इतकी ती साधी गोष्ट होती.

हे सगळं शिकवायला खरी माणसं लागतात. तिने बीडकडचे तोंडाच्या कॅन्सरचे दोनशे बारा रोगी घेतले. गाठींचे तपास रुग्णालयातून मिळाले. पुढे त्यांचं काय झालं ते घरोघर जाऊन विचारायला पालीचा सिदू नेमला. सिदूने गेल्या नोव्हेंबरात लुनावरून जिल्हा पालथा घातला आणि प्रत्येकाचा फॉर्म भरून पुण्याला धाडला. फॉर्मचा शेवटचा रकाना होता 'सद्यःस्थिती'. तिथे सिदू कुणापुढे 'बरं हाय' लिही, कुणापुढे 'वारले' आणि सतरा जणांपुढे त्याने लिहिलं होतं 'गेलते'.

पुण्यात संस्थेतल्या स्वप्नालीने हे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरले. ती सदाशिव पेठेत वाढलेली, कामाला चोख. 'गेलते' हा शब्द तिने नीट पाहिला, 'गेले ते' असा सोडवला आणि सतराही जणांना मृत दाखवलं. तारखेच्या जागी सिदूच्या भेटीची तारीख टाकली. चव्वेचाळीस वारलेले आणि सतरा गेलते मिळून एकसष्ट झाले. जानेवारीत संचालकांच्या सूचनेवरून एकसष्ट घरी सांत्वनपत्रं गेली.

मेच्या पहिल्या आठवड्यात ईश्वरी शोधनिबंधाची परिशिष्टं तपासत होती. एकशे त्रेचाळीस क्रमांकावर तिला नाव दिसलं: बसवराज मिटकरी, बीड. मृत, १४ नोव्हेंबर १९९८.

रविवारीच ती त्यांच्याशी फोनवर आठ मिनिटं बोलली होती. विषय आंब्यांचा होता.

तिने मूळ फॉर्म काढला, सिदूच्या गोल अक्षरातला तो शब्द वाचला आणि एकटीच इतकी हसली की पहारेकरी डोकावून गेला. बीडची असल्यामुळे तिला तो एका नजरेत कळला. गेलते म्हणजे घरी नव्हते. गालाच्या कॅन्सरमुळे आप्पाही त्या दोनशे बारांत होते आणि त्या दिवशी ते सोलापूरला भांडी आणायला गेले होते. बाकीचे कुणी ऊसतोडीला गेले असतील, कुणी लेकीकडे.

हसू ओसरल्यावर तिने सतराही जणांना जिवंत केलं आणि समीकरणं पुन्हा चालवली. ती लंगडू लागली. मग तिने ते सतरा बाजूला काढले, बाकीच्यांवर कॉम्प्युटर नव्याने शिकवला आणि या सतरांचं काय होईल ते त्याला विचारलं. कॉम्प्युटरने सतरा तारखा दिल्या. सगळ्या नोव्हेंबरातल्या होत्या आणि एकही सिदूच्या भेटीपासून दोन दिवसांहून लांब नव्हती.

म्हणजे गणित चुकलं नव्हतं. चूक असलीच तर माणसांची होती.

ती तारखांची यादी तिने कुणाला दाखवली नाही. जुलैपासून रुग्णालयात चाळीस नव्या रोग्यांची औषधं या गणितावर ठरणार होती. त्याच्या मुळाशी सतरा खोटी मरणं असून चालणार नव्हतं. संचालक म्हणाले, प्रत्येकाला डोळ्यांनी बघा, सही आणा, मगच दुरुस्ती करू.

*

"आप्पा, तुम्हाला संस्थेचं एक पत्र आलं होतं का?"

"आलं की. संक्रांतीच्या सुमारास." आप्पांनी गल्ल्याच्या खालच्या खणातून लिफाफा काढला. गालाच्या ऑपरेशननंतर त्यांचे शब्द डावीकडून घरंगळल्यासारखे यायचे, पण बोलणं कमी झालं नव्हतं. "बघ. 'कैलासवासी बसवराज मिटकरी यांच्या कुटुंबीयांस.' कागद भारी वापरलाय."

खाली सही ईश्वरीची होती. एकसष्ट पत्रांवर तिने एका बैठकीत सह्या केल्या होत्या. वरचं नाव एकाचंही वाचलं नव्हतं.

"मला कळवायचं नाही का?"

"काय कळवू? फोन करून म्हनू, ईशे, मी मेलो का गं? सही तुझी. म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, आपल्याआधी तिला कळलं असंल."

"हसण्यावारी नेऊ नका. इथे सही करा. 'जिवंत' लिहिलंय ना, त्याच्यासमोर."

आप्पांनी चष्मा लावला, फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला आणि गिऱ्हाइकाला परत करावा तसा परत केला. "आधी बाकीच्यांच्या घे. मी काय, घरचाच हाय."

ते पापड खात होते, डाव्या बाजूने. ईश्वरी बघत राहिली. त्या बाजूने त्यांना गेली दोन वर्षं भातसुद्धा चाववत नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ह्या पत्रापासून," आप्पा म्हणाले. "शब्दांत ताकद असती."

*

सिदू लुना घेऊन आला तोच तोंड पाडून.

"मी मेले कुटं लिवलं ताई? मेलेल्याला मी 'वारले' लिवतो. चव्वेचाळीस येळा लिवलंय, बगा. पुन्याच्या मानसाला मराठी येत न्हाई ह्यात माजा काय दोष?"

"तुझा दोष नाही म्हटलं ना."

"माजं अक्षर बी चांगलं हाय."

"फारच चांगलं आहे. चल आता."

पालीला छबुबाई दारात चादर टाकून कुरडया घालत होती. यादीत तिची तारीख नऊ नोव्हेंबर होती. दंड भरलेले, आवाज ठणठणीत. आतल्या भिंतीवर देवांच्या रांगेत तिचं सांत्वनपत्र फ्रेम करून लावलेलं.

"मास्तरनी वाचून दावलं," ती म्हणाली. "सोळा वर्सं नवऱ्याच्या नावापुढं श्रीसुद्दा कुनी लावलं न्हाई, आन् मला एकदम कैलासवासी."

ईश्वरीने बॅटरी काढून तिच्या तोंडात पाहिलं. जुन्या जखमेचा वण गुलाबी, मऊ होता. बाकी काही नव्हतं. नसणं शक्य नव्हतं, पण नव्हतं.

"छान आहे. आता इथे अंगठा द्या."

"न्हाई द्यायचा."

"कावून?" ईश्वरीच्या तोंडून बारा वर्षांनी तो शब्द आपसूक आला.

छबुबाईने हातातला सोऱ्या खाली ठेवला. "तू शिकलेली हाईस माय, तूच इचार कर. दिवाळी झाली आन् माजी येळ आलती. तोंडातून पानी जात नव्हतं, तरी गेले उसाला. घरी बसून काय करू? मागून ज्याला न्यायला यायचं हुतं तो आला. शेजारनीनं सांगितलं, त्या गेलत्या. त्यानं लिवून घेतलं आन् निगून गेला. तिकडं फडावर माजं दुखनं थांबलं. तो आलता, आमी गेलतो. एवडंच झालं. आता अंगठा दिला म्हंजी मीच हाक मारल्यावानी व्हईल."

"तो म्हणजे सिदू, मावशी. सिदू आला होता फॉर्म घेऊन."

"सिदूला वळखती की ती. सिदू दुसऱ्या दिशी आला. आदल्या दिशी एक जन येऊन गेलता, वही घेऊन. लई सुद्द बोलत हुता म्हनं, पुन्याच्यावानी."

ईश्वरीने सिदूकडे पाहिलं. तो लुनाच्या स्टँडला पायाने टोचत होता.

"घरी नसलेल्या सगळ्यांच्या हितं असंच सांगत हुते, ताई," तो म्हणाला. "'कालच लिवून नेलं की.' मला वाटलं, तुमीच माज्यावर मानूस लावला, तपासायला. मनाला लई लागलं. म्हनून बोललो न्हाई."

संध्याकाळी एसटीडी बूथवरून तिने पुण्याला विचारलं. असा कुणी माणूस संस्थेने पाठवला नव्हता. बूथवाला रेडिओवर वर्ल्ड कप ऐकत होता आणि दर चौकाराला तिला दोन बोटं उंच करून थांबायला सांगत होता. तिने डायरीत लिहिलं: 'मतदार यादीवाले?' आणि प्रश्नचिन्ह पुन्हा गिरवलं.

पुढचे चार दिवस तिने एसटी आणि लुनाने जिल्हा पालथा घातला. सही एकानेही केली नाही. पत्रांमुळे ही मंडळी एकमेकांना शोधून भेटली होती आणि आता बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला ख्वाजाभाईंच्या हॉटेलात जमत. ख्वाजाभाई त्यांना बघून आत ओरडत, "सहा चाय, सब गेलते!" म्हाळू नावाचा एक जण तर तिच्यावरच उखडला.

"बाई, तुमाला काय तरास हाय? मेलेलो मी, बोंब तुमची."

"तुम्ही मेलेले नाही आहात."

"हळू बोला बे," म्हाळू शेजारच्याला म्हणाला, जणू ते वाक्य शेजारचाच बोलला होता. "हिला कुनीतरी सांगा."

ईश्वरीने ख्वाजाभाईंच्या बाकावर बसून एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. सहाही तोंडं स्वच्छ होती. तिने बॅटरी विझवून बॅगेत टाकली. तिने आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात यासाठी जागा नव्हती.

*

शेवटी सही केली ती एकट्या केदारनाथ गुरुजींनी. गुरुजी निवृत्त शिक्षक, युसूफ वडगावातच राहणारे. नोव्हेंबरात ते लातूरला मुलीकडे गेले होते.

"खोट्या कागदावर जगणं मला पटत नाही," ते म्हणाले. "मी जिवंत आहे. तसं लिहा."

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दारातून म्हणाल्या, "काय नडलंय का? इतके दिस बरं चाललंय."

"बरं चाललंय म्हणून खोटं चालवायचं? चाळीस वर्षं मुलांना काय शिकवलं मी?" गुरुजींनी झोकात सही केली. मग म्हणाले, "आणि त्या पुण्याच्या मुलीला शब्द समजावून सांगा. चूक दुरुस्त करून भागत नाही, चुकीचं मूळ काढावं लागतं. घ्या लिहून."

ईश्वरीने लिहून घेतलं. गुरुजी येरझारा घालत सांगत होते. "'गेलता, गेलती, गेलते.' मराठवाड्यात या रूपाचा अर्थ 'गेला होता' असा घ्यावा. मृत्यू असा घेऊ नये. अशा वेळी 'कुठे गेलते' हे अवश्य विचारावं. गेलता तो माणूस परत येतो." ते थांबले. "शेवटचं वाक्य अधोरेखित करा."

मंगळवारी दुपारी तिने बूथवरून ती टीप आणि गुरुजींचा फॉर्म पुण्याला फॅक्स केला. फार दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं तिला वाटलं.

बुधवारी दुपारी सिदू निरोप घेऊन आला. गुरुजी गेले होते. यावेळी त्याने शब्द चाचपून वापरला. "वारले," तो म्हणाला.

ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. सरस्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, हृदय. वय झालं होतं.

"धाच्या सुमारास एक जन आलता," सरस्वतीबाई हळू म्हणाल्या. "वही हुती बगलेत. 'केदारनाथ आहेत का?' मी काय बोलायच्या आत ह्यांनी आतून आवाज दिला, 'आहे म्हण.' त्यानं काईतरी लिवलं. पानी देते म्हनलं तर नको म्हनला. तो गेला, आन् हे पेपर घेऊन खुर्चीत बसले ते बसलेच."

ईश्वरीने त्यांचा हात धरला. 

बूथवरून तिने स्वप्नालीला फोन लावला.

"गुरुजींची दुरुस्ती कधी केलीस?"

"आज सकाळी. दहाला. आल्या आल्या पहिलं तेच केलं."

"बाकी कुणाला हात लावू नकोस."

"नाही लावत. आणि मॅडम, तुमची ती टीप मी नोटीस बोर्डावर लावलीय. सगळ्यांना खूप आवडली. एक गृहस्थ तर उभ्या उभ्या वहीत उतरवून घेत होते."

"कोण गृहस्थ?"

"कोण जाणे. शिक्षक असतील. फार शुद्ध बोलले."

ईश्वरीने फोन ठेवला. बूथवाल्याने पैसे सांगितले ते तिला दोनदा विचारावे लागले.

*

रात्रभर ती स्वतःला समजावत राहिली. एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. सत्तरीच्या माणसाचं हृदय बंद पडतं, त्याला दहाची वेळ लागत नाही. हे सगळं खरं होतं आणि तरीही सकाळी उठल्यावर तिने आप्पांचा कोरा फॉर्म घडी करून उशीच्या अभ्र्यात सरकवला.

आप्पांनी तो जेवणाआधी शोधून काढला.

"सही करतो," ते म्हणाले.

"नको."

"गुरुजींचं कळलं मला. म्हनूनच करतो. माझ्यामुळं तुझं काम खोटं ठरायला नको. तिकडं चाळीस मानसं औषधाला बसलीत म्हनालीस ना?"

"आप्पा, मी निबंध मागे घेते. जुलैचं रद्द करते. दुसरी माणसं शोधेन, दुसऱ्या जिल्ह्यातली, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही सही करू नका."

"कावून? कॉम्प्युटरवाली पोरगी तू. घाबरलीस?"

"हो," ईश्वरी म्हणाली.

 आप्पांनी टोपी उचलली. "बरं. आधी दाढी करून येतो. बोलू मग. जिवंत मानसानं जरा नीट दिसावं." आणि ते शेजारच्या गल्लीत न्हाव्याकडे गेले.

ईश्वरीने फॉर्मचे चार तुकडे केले, मग आठ. चुलीसमोर उभी राहून ती ते जाळत होती, तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक माणूस उभा होता. चाळिशीचा. पांढरा शर्ट, बगलेत वही. भर दुपारी चालत आला होता, पण कपाळावर घाम नव्हता.

"बसवराज मिटकरी आहेत का?"

फार शुद्ध बोलत होता.

गणित, पुरावा, संस्था, काही आठवलं नाही. घरचा एक शब्द तेवढा उरला होता.

"गेलते," ती म्हणाली.

माणसाने मान हलवली. वही उघडली. पेन टेकवलं.

मग तो थांबला. त्याने वर पाहिलं आणि नवा धडा म्हणून दाखवावा तसं एकेक अक्षर जपत विचारलं,

"कुटं गेलते?"

 गल्लीच्या तोंडाशी आप्पांचा आवाज आला. ते कुणाशी तरी हसून बोलत होते.

"बसतो मंग," माणूस म्हणाला. आणि ओट्यावर, सावलीत, नीट मांडी घालून बसला.

वही त्याच्या मांडीवर उघडीच होती. पानावर चार रकाने छापलेले होते. पाचवा पट्टीने हाताने आखलेला होता. वर लिहिलं होतं, 'परत कधी'.

त्याच्याखाली पंधरा जणांच्या वेळा भरून झाल्या होत्या. एकच घर रिकामं होतं.